गुरुवारी गाडीत कोण होतं

मार्लोज या दुकानाच्या पार्किंगमध्ये दाराला लागून अपंगांसाठी ज्या पाच राखीव जागा आहेत, त्या मी आणल्या. हे आता फुशारकीनं सांगत नाही, पूर्वी सांगायचे. कुणी विचारलं नाही तरी सांगायचे. माझ्या नवऱ्याला, नेव्हिलला, अर्धांगाचा झटका आला त्या वर्षी तिथे दोनच जागा होत्या, आणि त्या दोन्हींत कायम कुणीतरी धडधाकट माणूस ‘दोनच मिनिटं’ म्हणून गाडी लावून आत सिगारेट आणायला गेलेला असायचा. मी नेव्हिलला चाकांच्या खुर्चीत बसवून पार पलीकडच्या टोकाकडून ढकलत आणायची, तोवर त्याचे गुडघे पावसानं भिजून चिंब झालेले असायचे. शेवटी माझं डोकं फिरलं. सह्यांचा अर्ज घेऊन मी दुकानाच्या दारात उभी राहिले. सहा शनिवार उभी राहिले आणि अकराशे बारा सह्या जमवल्या. मॅनेजरनं हात टेकले. जमिनीवर पिवळे पट्टे मारून झाले, खांबांवर कॅमेरे बसले आणि पार्किंगचे नियम पाळून घ्यायचं काम एका खासगी कंपनीला दिलं गेलं. कंपनीनं त्या कामावर टेरीला नेमलं.

टेरी आमच्या ओळखीचाच. नेव्हिल तीस वर्षं बस चालवत होता आणि टेरी त्याच्या हाताखाली शिकला. नेव्हिलला तो ‘उस्ताद’ म्हणायचा, म्हणून मी वहिनी. पुढे साखरेच्या आजारानं टेरीची नजर अधू झाली, बसचं लायसन्स गेलं, आणि पन्नाशी उलटल्यावर हे पिवळं जाकीट त्याच्या अंगावर आलं. लोकांच्या काचांवर दंडाच्या पावत्या चिकटवत फिरतो म्हणून आमच्या हॉल्डनब्रिज गावातली माणसं त्याला काय काय म्हणतात ते मी इथे लिहिणार नाही. कुत्र्याला बोलणार नाहीत असं बोलतात. तो ऐकून घेतो.

झटक्यानंतर नेव्हिलजवळ एकच शब्द उरला होता, ‘हो’. चहा हवा का? हो. नको का? तरीही हो. मान हलवायची तर तीही होकारार्थीच हलायची. नको असलं की तो ‘हो’ म्हणायचा आणि तोंड फिरवायचा, त्यावरून मी ओळखायची. पण डोकं शाबूत होतं. सगळं कळत होतं त्याला. रेडिओवर कुणी बसच्या मार्गाचं चुकीचं बोललं तर त्याच्या कपाळावर आठी पडायची. मी हे सगळ्यांना सांगायची. डॉक्टरांना सांगितलं, नेव्हिलच्या बहिणीला सांगितलं. ती त्याच्या समोर बसून माझ्याशी त्याच्याबद्दल बोलायची, तेव्हा मी तिला एकदा चक्क घराबाहेर काढलं. ‘त्याला कळत नाही’ असं म्हणणाऱ्याला माझ्या घरात चहा मिळत नसे.

आणि मग ते दुकानातलं झालं. नेव्हिल खुर्चीत बसलेला, मांडीवर घडी घातलेली कापडी पिशवी, दोन्ही हात पिशवीवर. काउंटरवरच्या पोरीनं माझ्याकडे बघत विचारलं, “यांना पिशवी लागेल का?” मी तिला काय बोलायचं ते बोलले. पण नेव्हिल त्यानंतर मार्लोजला आला नाही. गुरुवारी सकाळी मी किल्ल्या उचलल्या की तो खिडकीकडे तोंड करून बसायचा. मी रेडिओ लावून द्यायची, तासाभरात परत यायची.

त्याच्याविना गेले तो पहिला गुरुवार मी गाडी लांबच लावली. दुसऱ्या गुरुवारी गारा पडत होत्या आणि अपंगांच्या जागेत गाडी लावायला मिळतं ते नेव्हिलचं निळं कार्ड समोरच्या कप्प्यात होतं. ते कार्ड माणसाचं असतं, गाडीचं नाही. तो माणूस बरोबर नसेल तर कार्ड नुसता कागद. हे वाक्य मीच लिहिलं होतं, सह्यांच्या अर्जात, ठळक अक्षरांत. तरी मी राखीव जागेत गाडी घातली आणि कार्ड काढून काचेशी ठेवलं. ते ठेवताना खुर्चीच्या चित्राची बाजू वर ठेवायची असते. माणसाचा फोटो असतो मागच्या बाजूला, तो खाली जातो. तेवढंच मला बरं वाटलं.

तिसऱ्या गुरुवारी काही गारा नव्हत्या. ऊन होतं. मग मी स्वतःला सांगितलं की माझेही गुडघे दुखतात, की मी याला दिवसातून चारदा उचलते तेव्हा कोण येतं मदतीला, की या जागाच मुळी कुणामुळे आहेत. खरं सांगायचं तर शेवटचंच कारण खरं होतं. ती जागा मला माझी वाटायची. मी कमावली होती ती.

टेरी तर माझ्यासाठी ती राखून ठेवायचा. गुरुवारी दहाच्या सुमाराला दाराजवळच्या जागेत तो नारिंगी शंकू मांडायचा आणि माझी गाडी दिसली की उचलायचा. वर सलाम ठोकायचा. “उस्ताद कसे आहेत, वहिनी?”

“गाडीत डुलकी काढतोय.”

माझ्या तोंडून हे गेलं तेव्हा मीच दचकले. पण टेरी काही काचेतून वाकून बघायला आला नाही. नेव्हिलला त्या अवस्थेत त्याला बघवत नसे. इस्पितळात एकदा आला होता, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून रडला आणि आत न येताच गेला. बाजूच्या सीटवर नेव्हिलचा बसवरचा जुना कोट टांगलेला असायचा. मी काही मुद्दाम टांगला नव्हता, तो पहिल्यापासून तिथे होता. पण मी काढलाही नाही. लांबून बघणाऱ्याला, त्यातून टेरीसारख्या अधू नजरेच्या माणसाला, कुणीतरी बसलंय असं वाटावं. टेरी लांबूनच त्या सीटकडे बघून हात करायचा. दर गुरुवारी, चौदा महिने. मी ट्रॉली ढकलत आत जायची.

मग एका गुरुवारी मी फ्लॉवर, चहाची पुडी आणि नेव्हिलला आवडते ती डुकराच्या मांसाची पेस्ट्री घेऊन बाहेर येत होते. दारातच बाहेरचा आरडाओरडा ऐकू आला, म्हणून फुलांच्या बादल्यांपाशी थबकले. एक व्हॅन पिवळ्या पट्ट्यांच्या बाहेर, दोन साध्या जागांवर आडवी लावलेली. तिचं बाजूचं दार उघडं आणि त्यातून उतरती फळी खाली टेकलेली. फळीच्या तोंडाशी खुर्चीत दहा-अकरा वर्षांची मुलगी, पाय खुर्चीच्या पट्ट्यानं बांधलेले, मान जराशी कलती. आणि तिची आई टेरीसमोर उभी. तिचं नाव जोडी, हे मला नंतर कळलं.

“मग कुठे लावू? तुमच्या डोक्यावर?” ती म्हणत होती. “पाचही भरल्यात. हिची खुर्ची उतरवायला बाजूला जागा लागते मला.”

“बाई, दोन जागा अडवता येत नाहीत. कॅमेऱ्यात आलंय. माझ्या हातात नाही.”

“आणि ती? ती निळी गाडी? तिच्यातून उतरलेली म्हातारी मी पाहिली. टणाटण चालत गेली आत! कोण अपंग आहे तिच्यात?”

टेरीचा आवाज चढला. चौदा महिन्यांत मी तो कधी चढलेला ऐकला नव्हता. “त्यांच्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. कोण आहेत त्या माहितीये? त्यांच्यामुळे या जागा आहेत इथे. त्यांच्या नवऱ्याला अर्धांगवायू झालाय. गाडीत बसलेत ते आत्ता.”

“मला तर नुसता कोट दिसतोय.”

“मला माणूस दिसतोय,” टेरी म्हणाला, आणि त्यानं पावती तिच्या काचेवर चिकटवली.

माझ्यापासून ते लोक वीस पावलांवर होते. मी पुढे होऊन ‘माझी चूक आहे, मी गाडी काढते’ असं म्हटलं असतं तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. मी बादलीतल्या डॅफोडिलांच्या जुड्या खालीवर करत राहिले. जोडी मुलीला घेऊन आत गेली, माझ्या शेजारून गेली. मुलीनं माझ्याकडे बघितलं, आईनं नाही. मग मी गाडीकडे गेले.

टेरी अजून फुरफुरत होता. “काय एकेक माणसं असतात हो, वहिनी.”

आणि मी म्हणाले, “लोकांना लाजच राहिली नाही.”

हे मी म्हणाले. आजही जिना चढताना, भांडी घासताना ते वाक्य मध्येच आठवतं आणि मी एकटी असले तरी माझे कान तापतात.

जोडी गप्प बसणाऱ्यातली नव्हती. तिनं दुकानाकडे तक्रार केली की खरी गरज असलेल्यांना जागा मिळत नाही, कारण तुमचा माणूस ओळखीच्यांसाठी शंकू लावून जागा धरतो. दुकानानं टेरीकडून लेखी उत्तर मागितलं. आठवड्यानं टेरी आमच्या घरी आला. आत यायला तयार नव्हता, दारातच टोपी हातात घेऊन उभा राहिला.

“वहिनी, मी लिहून दिलंय की मिस्टर हॅलम गाडीत बसलेले मी स्वतः पाहिले. आता मॅनेजर म्हणतो, दोन्ही बाजूंना बोलावू आणि मिटवू. तुम्ही फक्त उस्तादांना घेऊन पाच मिनिटं या. त्यांना नुसतं बघितलं तरी त्या बाईचं तोंड बंद होईल.”

“आणि नाही आले तर?”

“तर मी खोटं लिहिलं असं होईल. मग कंपनी मला ठेवणार नाही.” तो हसायला बघत होता. “पण खोटं कशाला होईल? होतेच की ते.”

तेव्हाच सांगायचं. तोंड उघडलंही मी. पण तो समोर उभा होता, मी गावातली एकमेव सरळ बाई असल्यासारखा माझ्याकडे बघत होता, आणि मी म्हणाले, “येऊ आम्ही.”

दार लावल्यावर मला जे सुचलं ते मी लिहून टाकते, नाहीतर हे सगळं सांगण्यात अर्थ नाही. मला सुचलं की त्यांनी नेव्हिलला विचारलं तरी भीती नाही. तो ‘हो’च म्हणणार. दोन वर्षं ज्या एका शब्दात तो अडकून पडला होता, तो शब्द माझ्या उपयोगी पडणार होता.

मॅनेजरनं बोलावलं होतं त्या सकाळी दाढी करताना मी नेव्हिलला सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. त्याच्यापासून मी कधी काही लपवलेलं नाही. कार्डाचं, कोटाचं, टेरीच्या सलामांचं, त्या मुलीचं. “विचारलं तर हो म्हण, एवढंच,” मी म्हणाले. त्याच्या अर्ध्या गालावर फेस होता. तो माझ्याकडे खूप वेळ बघत राहिला आणि मग “हो” म्हणाला. ते कसं म्हणाला ते मला नीट ऐकू आलं होतं. मी वस्तरा धुवायला वळले.

मॅनेजरची खोली दुकानाच्या वरच्या मजल्यावर. नेव्हिलला सामानाच्या लिफ्टमधून न्यावं लागलं, टोमॅटोच्या खोक्यांबरोबर. मॅनेजर कॅलम म्हणजे पोरगाच, दाढीसुद्धा धड आलेली नाही, पण चांगला पोरगा. जोडी आधीच येऊन बसली होती. मुलीला घेऊन आली होती. शाळेला सुट्टी असावी. मुलीचं नाव फेय.

कॅलमनं चहा मागवला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “मिसेस हॅलम, यांना साखर चालते?”

इतर कुठल्याही दिवशी मी त्याला सोलून काढलं असतं. त्या दिवशी म्हणाले, “एक चमचा.”

मग तो भराभर बोलला. कॅमेऱ्यात गाडी दिसते, आत कोण ते दिसत नाही. कार्ड खरं आहे, मुदतीतलं आहे. मिस्टर हॅलम समोर बसलेत. टेरीनं स्वतः पाहिल्याचं लिहून दिलंय. “तेव्हा मला वाटतं हा गैरसमज आहे, नाही का, मिसेस हॅलम? त्या गुरुवारी तुमचे पती गाडीत होते?”

“होते,” मी म्हणाले. वाटलं होतं त्यापेक्षा फारच सोपं गेलं.

“तुम्ही त्यांना का विचारता?” जोडी म्हणाली. “ते इथे बसलेत ना?”

कॅलम गोंधळला. जोडी उठली, नेव्हिलच्या खुर्चीसमोर जमिनीवर उकिडवी बसली, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला तोंड आणलं. लेकीशी बोलताना असंच बसायची सवय असणार तिला. आवाज मोठा केला नाही, शब्द तोडून तोडून बोलली नाही.

“मिस्टर हॅलम, मी जोडी. मागच्या महिन्यात एका गुरुवारी तुमची गाडी खाली उभी होती. तुम्ही होता तिच्यात?”

आणि ती थांबली. लोक थांबत नाहीत. दोन सेकंद होतात न होतात तोच माझ्याकडे बघतात, किंवा त्याच्या वतीनं वाक्य पुरं करून टाकतात. ती थांबूनच राहिली. बाहेर ट्रॉल्यांची लांबलचक रांग कुणीतरी ढकलत नेत होतं, तो खडखडाट संपेपर्यंत थांबली. नेव्हिलचा चांगला हात खुर्चीच्या दांड्यावर आवळला गेला. त्याचे ओठ ‘हो’चे नव्हते. मला ते दिसलं.

“ना…” तो म्हणाला. मग पुन्हा, घाम फुटेपर्यंत जोर लावून, “नाही.”

दोन वर्षं. दोन वर्षं दर मंगळवारी बेथन नावाची मुलगी त्याला बोलायला शिकवायला घरी येत होती. चित्रांची कार्डं दाखवायची, केळं दाखवून ‘ही बस आहे का?’ विचारायची, आणि तो ‘हो’ म्हणायचा आणि डोळ्यांत पाणी यायचं त्याच्या. या एका शब्दासाठी मी चर्चमध्ये गुडघे टेकले होते, देवाशी माझं फारसं जमत नसताना. आणि तो आला तर असा आला.

मग टेरी पुढे झाला. तो मला वाचवत होता, आणि स्वतःलाही, पण आधी मला. “साहेब, त्यांना कळत नाही हो काय विचारलंय ते. झटका मोठा होता. काहीही बोलतात ते बिचारे.”

कॅलमनं माझ्याकडे बघितलं. त्याला मिटवायचंच होतं. “असं आहे का, मिसेस हॅलम? त्यांना प्रश्न कळत नाही?”

नेव्हिल माझ्याकडे बघत नव्हता. तो जोडीकडे बघत होता आणि त्याच्या तोंडाची चांगली बाजू हसत होती. शब्द आल्याचा त्याला आनंद झाला होता. बाकी सगळं तो त्या क्षणी विसरला असावा.

“नाही कळत त्याला,” मी म्हणाले.

त्याचं हसू लगेच गेलं नाही. हळूहळू गेलं.

कॅलमनं सुटकेचा श्वास सोडला, नेव्हिलच्या खांद्यावर थोपटलं आणि बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून म्हणाला, “झालं हं, आजोबा, आता घरी जायचं!” दंड कायम राहिला, टेरीचं लेखी उत्तर खरं धरलं गेलं. जोडी भांडली नाही. मुलीच्या गळ्याभोवतीचा स्कार्फ नीट करत ती मला म्हणाली, “माझ्या फेयला कळत नाही असं कुणी म्हटलं ना, तर मी त्याचं थोबाड फोडते. तुम्ही स्वतःच म्हणालात.” तिच्या आवाजात राग नव्हता. तिला नवल वाटलं होतं.

घरी येताना नेव्हिलनं डोळे मिटून घेतले होते. त्या दिवशी आणि पुढचे चार दिवस तो काहीच बोलला नाही. ‘हो’सुद्धा नाही. चहा पुढे केला की घ्यायचा. मी बडबड करत राहिले, हवामानाची, शेजारच्या मांजराची. माफी मागितली नाही. कशी मागायची तेच समजेना. ज्याला काही कळत नाही असं चारचौघांत सांगून आले होते, त्याची माफी कुठल्या तोंडानं मागणार?

मंगळवारी बेथन आली. चेहरा पडलेला होता तिचा. “मिसेस हॅलम, मला आज अहवाल लिहायचाय. मंजूर झालेले आठवडे संपतायत. प्रगती दाखवता आली नाही तर वरचे लोक पुढचे देणार नाहीत. तेव्हा नीट आठवून सांगा. या आठवड्यात काही नवं? एखादा आवाज? काहीही?”

नेव्हिल खिडकीपाशी बसला होता. तो वळला नाही.

‘काही नाही’ असं मी म्हणाले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. टेरीची नोकरी, माझं गावातलं नाव, सगळं जागच्या जागी राहिलं असतं, आणि नेव्हिल त्या खिडकीपाशी.

“एक शब्द आला,” मी म्हणाले. “गुरुवारी. ‘नाही’ म्हणाला तो, अगदी स्वच्छ.”

बेथन जवळजवळ उडालीच. “नेव्हिल! खरंच?” मग तिनं वही काढली. “कुणी काय विचारलं होतं? हे महत्त्वाचं आहे. नुसता निसटलेला शब्द असेल तर मला धरता येत नाही. प्रश्न समजून बरोबर उत्तर दिलं असेल तर गोष्ट वेगळी. मग मी सहा महिन्यांसाठी भांडेन.”

“दुकानात कुणीतरी विचारलं.”

“काय विचारलं?”

“अमुक एका दिवशी तू गाडीत होतास का, असं.”

“आणि ते नाही म्हणाले.” तिनं पेन वहीवर टेकलं. “होते का ते?”

नेव्हिलची मान अजून खिडकीकडेच होती. पण त्याचा चांगला हात मांडीवर थांबला होता. ऐकत होता तो. मला एकदम समजलं की तो माझ्याकडे मुद्दाम बघत नाहीये. मला खोटं बोलायचं असेल तर बोलता यावं म्हणून. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली आमच्या आणि एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

“नव्हता,” मी म्हणाले. “तो घरी होता. चौदा महिने तो घरीच होता, आणि मी त्याच्या कार्डावर गाडी लावत होते. त्याला प्रश्न पूर्ण कळला होता. त्यानं बरोबर उत्तर दिलं. खोटं मी बोलले, आणि मग त्याला कळत नाही असंही मीच सांगितलं. हे सगळं लिही.”

बेथननं ते सगळं लिहिलं नाही. तिनं एवढंच लिहिलं: प्रश्न समजून योग्य नकार. लिहिताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही, त्याबद्दल मी तिची आभारी आहे. ती गेल्यावर मी नेव्हिलसमोर जमिनीवर बसले. माझे गुडघे कुरकुरले. “मला माफ करशील का?” मी विचारलं, आणि जोडी थांबली होती तशी थांबले. पुष्कळ वेळ थांबले. त्यानं काहीही उत्तर दिलं नाही. आता त्याच्याजवळ दोन्ही शब्द होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मार्लोजला गेले. गाडी सगळ्यात मागच्या रांगेत, बाटल्या टाकायच्या पेट्यांजवळ लावली. टेरीनं लांबूनच ओळखलं आणि धावत आला. “अहो, इकडे कुठे? पुढे जागा आहे!”

मी त्याला तिथेच सांगितलं, पेट्यांपाशी उभं राहून. माझं संपल्यावर त्यानं माझ्या गाडीच्या बाजूच्या सीटकडे बघितलं. कोट मी काढून घरी ठेवला होता.

“म्हणजे मी कोटाला हात करायचो,” तो म्हणाला.

“हो.”

“चौदा महिने.”

“मी मॅनेजरला सांगते की मीच तुला फसवलं. तुझा काही दोष नाही.”

“‘स्वतः पाहिले’ असं मी लिहिलंय. कुणी लिहायला लावलं नव्हतं. मी काही पाहिलं नव्हतं. बघायची हिंमतच नव्हती माझी.” त्यानं जाकिटाच्या खिशातून पावत्यांचं यंत्र काढलं आणि उगाच पुसलं. “ते मलाच सांगावं लागेल. त्या बाईंची पावतीही रद्द करून घ्यावी लागेल.”

आम्ही मिळून दुकानात शिरलो, वरच्या जिन्याकडे गेलो. काउंटरवरच्या पोरी बघत होत्या. मॅनेजरच्या खोलीचं दार जड आहे, आपोआप मिटतं. टेरीनं ते पाठीनं रेटून माझ्यासाठी उघडं धरलं. आता तरी हा माणूस मला नावानं हाक मारेल, किंवा काहीच म्हणणार नाही, असं मला वाटत होतं. मला तेच हवं होतं.

“या, वहिनी,” तो म्हणाला.